प्लग-इनसाठी वेगळं डीएसपी यंत्र घ्यायचं? आधी गायकाच्या हेडफोनचा विचार करा

“प्लग-इन जरा जास्त झाले की आवाज तुटतो, लॅपटॉप अडकतो. युनिव्हर्सल ऑडिओचं यूएडी यंत्र घेऊ का?” घरच्या घरी स्टुडिओ चालवणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. परभणी शहरात विचारतात, सेलू-मानवतला विचारतात, गंगाखेड-जिंतूरला विचारतात. प्रत्येकाकडचा संसार साधारण सारखाच असतो: घरातली एक खोली, एक कंडेन्सर माइक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि एक लॅपटॉप. कामही हंगामी. आषाढीच्या आधी अभंग, १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं, लग्नसराईत हळदीची गाणी, भाद्रपदात गणपती मंडळांची गाणी. अशा कमाईतून मोठ्या किमतीचं यंत्र घ्यायचं म्हणजे अख्ख्या हंगामाचे पैसे एका डब्यात घालणं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटरची ताकद वाढवायला म्हणून वेगळं डीएसपी यंत्र घेण्याचे दिवस गेले. आज ते घ्यायचं असेल, तर एकाच कारणासाठी घ्यावं: गाणारा गात असताना त्याचा आवाज, त्यावरच्या रिव्हर्ब-कॉम्प्रेसरसकट, त्याच्या हेडफोनमध्ये उशीर न होता पोहोचावा. तुमच्या कामात ही अडचण असेल तर पुढचे पर्याय नीट वाचा. नसेल, तर हे पैसे दुसरीकडे घालण्यासारख्या बऱ्याच जागा तुमच्या स्टुडिओत आहेत.

डीएसपी म्हणजे ध्वनीच्या आकडेमोडीसाठीच बनवलेली चिप. लॅपटॉपचा प्रोसेसर तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान असतो, पण त्याच्यामागे शंभर कामं असतात: विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, वायफाय, ब्राउझर. डीएसपी चिप एकच काम करते आणि ठरलेल्या वेळेत करते. तिचा खरा गुण वेग नसून वक्तशीरपणा आहे. हा फरक डोक्यात बसला की जाहिरातीतलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, ते आपोआप कळू लागतं.

एके काळी मात्र वेगाचाच प्रश्न होता. २००१ साली युनिव्हर्सल ऑडिओचं यूएडी-१ हे कार्ड आलं, तेव्हा साध्या पीसीवर दोन-तीन चांगले रिव्हर्ब लावले तरी मशीन गुडघे टेकायचं. त्या कार्डावरची चिप मुळात ग्राफिक्ससाठी बनवलेली होती, पण तिने एलए-२ए, ११७६ अशा जुन्या अमेरिकन कॉम्प्रेसरांचे प्लग-इन पीसीचा भार न वाढवता चालवून दाखवले. त्याच सुमाराला टीसी इलेक्ट्रॉनिकचं पॉवरकोर होतं. २००६ मध्ये एसएसएलचं ड्युएंड आलं, पाठोपाठ फोकसराइटचं लिक्विड मिक्स आलं. मोठ्या स्टुडिओंत डिजिडिझाइनची प्रो टूल्स एचडी कार्डं होती. २००८ मध्ये यूएडी-२ आलं, अॅनालॉग डिव्हायसेसच्या शार्क चिप घेऊन. २०१२ मध्ये त्याच चिप इंटरफेसच्या पोटात बसवून अपोलो आलं. आज दुकानात किंवा व्हिडिओत जे दिसतं आणि ज्याचा मोह पडतो, ते बहुतेक वेळा हेच घराणं असतं.

यातलं पॉवरकोर बंद पडलं, लिक्विड मिक्स बंद पडलं, ड्युएंडचे प्लग-इन पुढे साध्या कॉम्प्युटरवर चालणारे झाले. दरम्यान प्रोसेसर कुठल्या कुठे गेले. २०२० च्या अखेरीस अॅपलची एम१ चिप आली. त्या लॅपटॉपवर साठ-सत्तर ट्रॅकचं मिक्स बिनबोभाट चालतं. विंडोजवरही गेल्या चार-पाच वर्षांतला बऱ्यापैकी प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी असेल, तर आपल्याकडच्या गाण्याला लागणारे प्लग-इन तो सहज ओढतो. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे खुद्द युनिव्हर्सल ऑडिओने २०२२ च्या मार्चमध्ये आपले प्लग-इन डीएसपीशिवाय, थेट कॉम्प्युटरवर चालतील अशा रूपात द्यायला सुरुवात केली. आता त्यांचा एलए-२ए हवा असेल तर डबा घ्यायची सक्ती राहिलेली नाही. डब्यातला आवाज जास्त ‘उबदार’ असतो हा समजही सोडून द्या. आवाज घडवते ती प्लग-इनची आज्ञावली. ती शार्कवर चालली काय आणि इंटेलवर चालली काय, कानाला फरक पडत नाही.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. अपोलो घेतलं की आपले सगळे प्लग-इन त्याच्यावर चालतील आणि लॅपटॉप मोकळा होईल, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. त्या चिपवर फक्त त्यासाठी लिहिलेले, त्याच कंपनीच्या दुकानातून घेतलेले प्लग-इन चालतात. तुमच्याकडचे वेव्ह्ज, फॅबफिल्टर, डीएडब्ल्यूसोबत (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत) आलेले इक्वलायझर, हे सगळे पूर्वीसारखेच लॅपटॉपवर चालणार. कॉन्टॅक्ट या सॅम्पलरमध्ये उघडलेली बासरी, सतार, तबल्याची सॅम्पल लायब्ररीही लॅपटॉपवरच. आणि आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये खरा भार कशाचा असतो? बहुतेक वेळा सॅम्पल लायब्ररींचा आणि मास्टरवर एकावर एक चढवलेल्या लिमिटरांचा. तो भार डीएसपी यंत्र एका पैशानेही कमी करत नाही. लायब्ररी अडकत असेल तर रॅम वाढवा, ती एसएसडीवर ठेवा, पक्का झालेला ट्रॅक फ्रीझ करा.

चिपचा हिशोबही नीट समजून घ्या. अपोलो सोलोमध्ये एक शार्क चिप असते, ट्विनमध्ये मॉडेलप्रमाणे दोन किंवा चार. एलए-२ए सारखा साधा, जुना प्लग-इन चिपचा थोडासाच भाग खातो. टेप मशीनचे किंवा प्रीअँपचे प्लग-इन चांगला मोठा लचका तोडतात. एक प्लग-इन दोन चिपांत विभागून चालत नाही. चार पोत्यांत प्रत्येकी थोडी थोडी जागा उरली तरी अख्खं कलिंगड त्यांत वाटून भरता येत नाही, तशातला हा प्रकार. वर, ४८ ऐवजी ९६ किलोहर्ट्झवर काम केलं तर त्याच चिपवर बसणारे प्लग-इन साधारण निम्म्यावर येतात. कंपनी कोणता प्लग-इन किती जागा घेतो याचा तक्ता देते. तो तक्ता न पाहता एकाच चिपचं यंत्र घेणारा पहिल्याच आठवड्यात ‘जागा संपली’ हा संदेश पाहतो.

आता मूळ मुद्द्याकडे, उशिराकडे, म्हणजेच लेटन्सीकडे येऊ.

माइकमधला आवाज इंटरफेसमधून कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथे बफर भरेपर्यंत थांबतो, प्लग-इनमधून निघतो, पुन्हा एक बफर थांबतो आणि हेडफोनमध्ये येतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत-बाहेर, २५६ चा म्हणजे सव्वापाच, ५१२ चा म्हणजे साडेदहाच्या थोडा वर. जाताना एक आणि येताना एक असे दोन बफर धरा, त्यात यूएसबी आणि कन्व्हर्टरचे आणखी काही मिलिसेकंद मिळवा. २५६ च्या बफरवर एकूण उशीर सहज बारा-पंधरा मिलिसेकंदांपर्यंत जातो.

हे आकडे किती मोठे? हवेतून आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे पखवाजवाला अकरा फुटांवर बसलाय असं समजा. भजनात एवढं अंतर असतंच आणि ठेका काही बिघडत नाही. पण गाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला स्वतःचा आवाज हाडांतून क्षणार्धात ऐकू येत असतो, आणि तोच आवाज हेडफोनमधून मागून येतो. चार-पाच मिलिसेकंदांवर दोन्ही मिसळून आवाज पोकळ, डब्यात बोलल्यासारखा लागतो. दहाच्या पुढे गेलं की गायक नकळत लय ओढू लागतो, सूर थोडा खाली बसतो, आणि ‘आज आवाज लागत नाही’ म्हणत हेडफोनचा एक कान काढून गातो. मग त्या उघड्या कानातून ट्रॅकचा आवाज माइकमध्ये शिरतो. संबळ, ढोलकी, टाळ वाजवणाऱ्याला उशीर आणखी लवकर कळतो, कारण त्या वाद्यांचा आघात तीक्ष्ण असतो.

डीएसपी असलेला इंटरफेस इथे उपयोगी पडतो. आवाज कॉम्प्युटरपर्यंत जातच नाही. इंटरफेसमध्येच प्रक्रिया होऊन एक-दोन मिलिसेकंदांत हेडफोनमध्ये येतो. बफर कितीही मोठा ठेवा, गायकाला काही फरक पडत नाही.

पण हे साधायला डीएसपीच लागतं असं नाही. एका गायकाचं रेकॉर्डिंग असेल तर तुमच्याकडच्या दोन इनपुटच्या साध्या इंटरफेसवर आजच करून पाहा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. आवाज थेट हेडफोनमध्ये जाईल, कोरा पण उशिराविना. आता डीएडब्ल्यूमध्ये गायकाचा ट्रॅक आर्म करा, इनपुट मॉनिटर चालू ठेवा, पण ट्रॅकचा फेडर पूर्ण खाली ओढा. त्या ट्रॅकवरून रिव्हर्बच्या बसला एक सेंड द्या आणि तो सेंड प्री-फेडर करा. रिव्हर्ब प्लग-इनमध्ये वेट शंभर टक्के, ड्राय शून्य आणि प्री-डिले शून्य ठेवा. झालं. गायकाला त्याचा मूळ आवाज तत्काळ ऐकू येतो आणि मागून कॉम्प्युटरचा रिव्हर्ब येतो. तो बारा-पंधरा मिलिसेकंद उशिरा आला तरी बिघडत नाही, कारण रिव्हर्ब मुळात उशिराच यायचा असतो. मोठ्या सभागृहाचा भास आणायला आपण मुद्दाम वीस-तीस मिलिसेकंदांचा प्री-डिले लावतोच. इथे लेटन्सीच ते काम करून टाकते.

यात एक खोच आहे. काही इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग स्टिरिओवर असेल तर पहिल्या इनपुटचा आवाज फक्त डाव्या कानात येतो. गायक बावरतो आणि आपण हेडफोनची वायर तपासत बसतो. तिथे मोनोचं बटण शोधा. आणि हेडफोन चारही बाजूंनी बंद असलेला घ्या. उघड्या हेडफोनमधून क्लिक ट्रॅक गळतो आणि अभंगाच्या शांत आलापात तो टिकटिक करत राहतो.

या युक्तीने एका-एका आवाजाचं डबिंग करणाऱ्या बहुतेक स्टुडिओंचा प्रश्न सुटतो. उरतात ते दोन प्रकार. पहिला, ज्यांना हेडफोनमध्ये कॉम्प्रेसर, इक्वलायझर, अँपचा आवाज असं सगळं लागतं. दुसरा, ज्यांना कानात ऑटोट्यून हवा असतो. दुसऱ्या मागणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: कानात सूर दुरुस्त करून देऊ नका. तयार सूर ऐकू येऊ लागला की गाणारा स्वतःचा सूर ऐकणं सोडतो. जनाबाईच्या अभंगातली मींड असो की गोंधळातली आर्जवी हाक, सूर सरकत जाण्यातच त्याचं मोल आहे, आणि ऑटोट्यून नेमकी तीच सरकण पायऱ्यापायऱ्यांत तोडतो. हवा तर तो मिक्समध्ये लावा, तिथे जागा पाहून कमी-जास्त करता येतो.

पहिल्या प्रकारासाठी मात्र डीएसपीचा खर्च योग्य ठरू शकतो. त्यासाठी थेट अपोलोवर उडी मारायची गरज नाही. स्टाइनबर्गच्या यूआर-सी मालिकेतला यूआर२२सी पाहा. दोन इनपुटचा हा छोटा इंटरफेस, पण त्यात यामाहाची डीएसपी चिप आहे. रेव्ह-एक्स रिव्हर्ब, एक चॅनल स्ट्रिप आणि गिटार अँप हे त्या चिपवर चालतात आणि हेडफोनमध्ये विनाउशीर ऐकू येतात. इफेक्ट मोजकेच आहेत, पण गायकाला गाताना आधार द्यायला एवढे पुरतात. महिन्याला पाच-सहा गाणी करणाऱ्या स्टुडिओला मी आधी हाच सुचवेन.

अपोलो घेण्यासारखी परिस्थितीही असते. बाहेरून गायक, संगीतकार तुमच्याकडे पैसे देऊन येत असतील, दिवसभर बुकिंग असेल, आणि हेडफोनमध्ये तयार आवाज मिळाल्यामुळे टेक कमी होऊन वेळ वाचत असेल, तर ते यंत्र आपली किंमत वसूल करतं. घेताना सोलोपेक्षा ट्विनकडे पाहा, आणि नुसत्या चिपांसाठी नव्हे: ट्विनला ऑप्टिकल इनपुट असतं, त्यातून पुढे आठ माइकचा वेगळा प्रीअँप जोडता येतो. सोलोला ती सोय नाही. दोन इनपुट म्हणजे दोनच. थंडरबोल्टचं मॉडेल की यूएसबीचं, हे खोक्यावर वाचून आणि तुमच्या लॅपटॉपचं सॉकेट पाहून ठरवा. विंडोज लॅपटॉपवर सी आकाराचं सॉकेट दिसलं म्हणजे ते थंडरबोल्ट असतंच असं नाही. शेजारी विजेचं चिन्ह आहे का ते पाहा, आणि खात्रीसाठी लॅपटॉपचं माहितीपत्रक तपासा. एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. अपोलोच्या कन्सोल सॉफ्टवेअरमध्ये ‘यूएडी रेक’ आणि ‘यूएडी मॉन’ असे दोन पर्याय आहेत. ‘मॉन’वर ठेवलं तर कॉम्प्रेसर फक्त कानात ऐकू येतो, ट्रॅकवर कोरा आवाज उतरतो. ‘रेक’वर ठेवलं तर प्रक्रिया झालेलाच आवाज कायमचा उतरतो, आणि नंतर दाबलेला आवाज मोकळा करता येत नाही. हात बसेपर्यंत ‘मॉन’च बरा.

अॅव्हिडचं एचडीएक्स कार्ड, ज्यावर अठरा डीएसपी चिप असतात, ते मुंबईतल्या चित्रपटांच्या मिक्सिंगचं साधन आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा विचारही करू नये. वेव्ह्जच्या साउंडग्रिड सर्व्हरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यात डीएसपी चिप नसते, नेटवर्क केबलने जोडलेला वेगळा कॉम्प्युटरच प्लग-इन चालवतो. मोठे लाइव्ह कार्यक्रम करणाऱ्यांसाठी ते आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पर्याय या यादीत कधी कुणी घेत नाही. तो म्हणजे डिजिटल मिक्सर. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग डोळ्यांसमोर आणा. बुवा गातात, मागे सात-आठ जण धरतात, पेटी आहे, पखवाज आहे, टाळ आहेत. हे सगळं एकदम, एका बैठकीत झालं तरच त्यात जीव येतो. पखवाज आज, पेटी उद्या आणि टाळ परवा असं तुकड्यातुकड्यांत केलं की भजनाचा श्वास जातो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी-गंगाखेडमार्गे पंढरपूरला जाते. त्या दिवसांत गावोगावची मंडळं जे गातात, ते तसंच्या तसं टिपायचं असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस उपयोगाचा नाही, मग त्यात चिप एक असो वा चार.

इथे बेहरिंगरच्या एक्सआर१८ सारखा मिक्सर बघा. सोळा माइक प्रीअँप, यूएसबीवरून एकाच वेळी अठरा ट्रॅक कॉम्प्युटरमध्ये, सहा वेगवेगळे ऑक्स आउटपुट, आणि प्रत्येक चॅनलवर इक्वलायझर, कॉम्प्रेसर. शिवाय चार इफेक्ट. हे सगळं मिक्सरमधल्या स्वतःच्या डीएसपीवर चालतं. बुवांच्या हेडफोनमध्ये पेटी जास्त, पखवाजवाल्याच्या कानात बुवांचा आवाज जास्त, असं प्रत्येकाला वेगळं मिश्रण देता येतं. सहा हेडफोन चालवायचे तर ऑक्सपुढे एक हेडफोन अँप जोडा. मर्यादा एवढीच की तो ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झवरच चालतो, आणि यूट्यूबवर जाणाऱ्या अभंगाला त्याहून जास्त लागतही नाही. विकत घ्यायचा नसेल, तर साउंडवाल्यांकडे चौकशी करा. एक्स३२ सारखा मिक्सर असलेला साउंडवाला ओळखीचा असेल, तर सुटीच्या दिवशी तो भाड्याने मिळू शकतो. त्याच्या मागच्या यूएसबी कार्डमधून बत्तीस ट्रॅक सरळ लॅपटॉपमध्ये उतरतात. फक्त एक दिवस आधी ड्रायव्हर टाकून चाचणी घ्या. मंडळी बसल्यावर ड्रायव्हर शोधत बसू नका.

आता उन्हाळ्याबद्दल. आवाज तुटण्याची जी तक्रार प्लग-इनवर ढकलली जाते, तिचं मूळ मराठवाड्यात बऱ्याचदा तापमानात असतं. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो. टेक घेताना पंखा आणि एसी बंद करावा लागतो. दहा मिनिटांत खोली भट्टी होते, लॅपटॉप तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. सकाळी सात वाजता चाळीस ट्रॅक निमूट ओढणारं मशीन दुपारी तीन वाजता वीस ट्रॅकवर खरखरतं. नवा डबा घेऊन हे थांबत नाही. लॅपटॉपची जाळी उघडून धूळ साफ करून घ्या, त्याला खालून हवा मिळेल असा ठेवा. जमलं तर लॅपटॉप शेजारच्या खोलीत ठेवून खिडकीतून यूएसबी केबल आत घ्या; तीन मीटरपर्यंतची चांगली केबल बिनधोक चालते. त्याने पंख्याची घरघरही माइकपासून दूर जाते. उन्हाळ्यात गायकाला सकाळी बोलवा. आणि लक्षात ठेवा, डीएसपी इंटरफेसही तापतात. अपोलो ट्विनला पंखा नसतो, वापरात तो हाताला चांगलाच गरम लागतो. त्याच्यावर वही, मोबाइल, गाण्याचा कागद ठेवू नका.

विजेचंही तसंच. वीज गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण अॅडाप्टरवर चालणारा इंटरफेस बंद पडतो आणि रंगलेला टेक तिथेच संपतो. म्हणून अॅडाप्टरवाला डीएसपी इंटरफेस किंवा मिक्सर घेणार असाल तर यूपीएसचा खर्च त्याच हिशोबात धरा, आणि यूपीएस साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हेडफोनमध्ये गुणगुण येण्याची शक्यता फार. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं.

सेकंडहँडचा मोह असेल तर थोडं जपून. फायरवायरवर चालणारी जुनी यंत्रं स्वस्तात मिळतात, पण त्यांचं सॉकेट आजच्या लॅपटॉपवर सापडत नाही. पॉवरकोर, लिक्विड मिक्स, यूएडी-१ हे कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका; आजच्या विंडोजवर, मॅकवर ते चालवायला सॉफ्टवेअरच उरलेलं नाही. यूएडी-२ किंवा अपोलो जुनं घेत असाल, तर विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी नसलेलं यंत्र म्हणजे प्लग-इन नसलेलं यंत्र. नवं घेताना जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. परदेशातून नातेवाइकांनी आणलेलं स्वस्त पडतं खरं, पण बिघडलं की ते मुंबई-पुण्याला पाठवावं लागतं आणि तिथे वॉरंटी मान्य होईलच असं नाही. ऐन हंगामात पंधरा दिवस यंत्राविना बसायची तयारी आहे का, हे आधी स्वतःला विचारा.

खोलीबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय राहवत नाही. स्लॅबची खोली, चकचकीत फरशी, रिकाम्या भिंती. अशा खोलीत घेतलेल्या आवाजातला घुमारा जगातला कुठलाही डीएसपी काढून टाकत नाही. आपला कापसाचा जिल्हा आहे. जाड कापसाच्या गाद्या माइकच्या मागे आणि गायकाच्या मागे उभ्या केल्या तरी मधले-वरचे सूर बऱ्यापैकी दबतात. खर्ज आवरायला मात्र कापूस पुरत नाही. त्यासाठी चार इंची रॉकवूलचे पॅनेल भिंतीपासून थोडं अंतर सोडून लावावे लागतात. यूएडीच्या एका चिपच्या किमतीत अख्खी खोली होते.

तेव्हा पैसे मोजण्याआधी एक संध्याकाळ चाचणीला द्या. विंडोज असेल तर लेटन्सीमॉन हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर आवाज तोडत असेल तर ते नाव घेऊन सांगतं. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद ठेवा, पॉवर सेटिंग ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा. मग इंटरफेसच्या लाइन आउटमधून एक केबल त्याच्याच लाइन इनमध्ये लावा, एक क्लिक वाजवा आणि तीच क्लिक नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. ही नोंद घेताना रेकॉर्डिंगच्या वेळची आपोआप होणारी भरपाई डीएडब्ल्यूच्या सेटिंगमध्ये बंद करायला विसरू नका. झूम करून दोन क्लिकमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ४८ किलोहर्ट्झवर ४८० सॅम्पल म्हणजे दहा मिलिसेकंद. १२८ च्या बफरवर तुमचा आकडा ४८० च्या खाली येत असेल आणि आवाज तुटत नसेल, तर डायरेक्ट मॉनिटरिंग आणि रिव्हर्बची वरची युक्ती वापरा आणि डीएसपी यंत्राचा विचार या वर्षी सोडून द्या. आकडा वर असेल, सगळे उपाय करूनही खाली येत नसेल, आणि गायक तुमच्याकडे रोज येत असतील, तरच दुकानात जा. आणि जाताना लॅपटॉप सोबत घेऊन जा.